मामाच्या तोफेपुढे

सकाळपासून ग्लेनिसची पाठ भीतीने ताठ झाली होती. देवमाशांची शिकार करणारं जहाज तिच्या रबरी होडीच्या अगदी मागे लागलं होतं, जहाजाच्या पुढच्या टोकावर भाला भरलेली तोफ होती आणि तोफेशी उभा होता तिचा सख्खा मामा, मर्व्ह.

देवमाशाच्या डोक्यावर होडी ठेवायची, म्हणजे माणसं मरतील या धास्तीने कुणी तोफ डागणार नाही, एवढीच तिची आणि तिच्या सोबत्याची, केलची, युक्ती. खाली एक मादी होती, पिल्लासकट. देवमासा पाण्याखालून गेला की शेपटीच्या हेलकाव्याने वर गुळगुळीत वर्तुळं उमटतात. ती बघून ग्लेनिस दिशा सांगत होती, केल इंजिन हाकत होता. वर्तुळं ओळखायला तिला लहानपणी मामानेच शिकवलं होतं. अख्खं गावच देवमाशाच्या तेलावर पोसलेलं.

"डावीकडे घे," ती म्हणाली. होडी वळली. जहाजही वळलं.

"हळू." जहाजही हळू झालं.

"केल, मामा पाण्याकडे बघतच नाहीये. आपल्याकडे बघतोय!"

"बघणारच. लाडकी भाची ना तू!"

"गाढवा, आपणच त्याला वाट दाखवतोय! ती श्वासाला वर आली की आपल्याला चुकवून नेम धरायला त्याला क्षणभर पुरे."

केलचं तोंड उतरलं. शहाणपणा चांगलाच अंगाशी आला होता.

"उजवीकडे वळव. सरळ खोल समुद्रात."

"तिकडे वर्तुळं कुठायत?"

"म्हणूनच."

"म्हणजे तिला उघडी टाकायची?"

ग्लेनिसने पुन्हा उजवीकडेच बोट दाखवलं आणि केलने होडी वळवली. मामा फसला नाही, तर मायलेकरं गेलीच. जहाज जरा घुटमळलं, मग मुकाट मागे आलं. किनारा दिसेनासा झाला.

"परतीपुरतंही पेट्रोल नाही गं," केल पुटपुटला.

"थांबलो तर त्याला कळेल."

शेवटी इंजिनच बंद पडलं. जहाज येऊन खेटलं. मर्व्हने पाणी न्याहाळलं. एकही वर्तुळ नाही. तो रागाने लाल झाला.

"चढ वर, कार्टे! बुडाली असतीस तर तुझ्या आईला काय तोंड दाखवलं असतं मी?"

दोराच्या शिडीवरून ती डेकवर आली, मागोमाग केल. सगळे खलाशी, डोलकाठीवरून उतरलेला टेहळ्यासुद्धा, कठड्याशी वाकून रबरी होडी वर ओढण्याची मजा बघत होते.

तेवढ्यात मामाच्या खांद्यावरून तिला दिसलं. दूर, आले त्या वाटेवर, पाण्याचा एक उंच फवारा आणि त्याला लागून एक इवलासा.

"काय बघतेस?" मामा मागे वळू लागला.

ग्लेनिसने त्याच्या गळ्यात हात टाकले, त्याची मान घट्ट धरून ठेवली आणि हंबरडा फोडला. रडण्याचं सोंग करायची गरजच पडली नाही.