आहेराचे टायर

आमच्या लेकीचं, निकिताचं, पुण्यातलं कॉलेज ठरवायला आम्हाला एक दुपार पुरली होती. गाडीचे टायर ठरवायला आमच्या ह्यांना अख्खा हिवाळा लागला.

हे म्हणजे इंद्रजित. धाराशिवच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत. आमची गाडी हायब्रीड आहे, थोडी पेट्रोलवर चालते, थोडी बॅटरीवर. ती घेतल्यापासून कुणी ह्यांना तब्येत विचारली तरी हे एव्हरेज सांगतात. त्यामुळे कंपनीचे टायर झिजायला लागले तेव्हा घरात आजारपण आल्यासारखं झालं. भलते टायर पडले की एव्हरेज पडणार, ही धास्ती. रोज संध्याकाळी मोबाईलवर व्हिडिओ सुरू. रबर कडक आहे का मऊ, टायरचं वजन किती, रस्त्यावर फिरताना तो किती पेट्रोल खातो, फ्रिजवर असतात तसे तारे त्याच्यावर आहेत का. एक टायर पेट्रोल वाचवायचा, पण ओल्या रस्त्यावर गाडी उशिरा थांबायची. दुसरा जागच्या जागी थांबायचा, पण पेट्रोल प्यायचा. ह्यांनी दोघांनाही नावं ठेवली. हायवेवरचे टायरवाले महालिंगप्पा एकदा वैतागून म्हणाले, "सर, टायर बघायलात का जावई बघायलात?"

शेवटी एकदाचे बसले. वजनाला हलके, बाजूनं पातळ, पेट्रोल वाचवणारे. पहिल्याच दिवशी गाडीच्या स्क्रीनवरचा आकडा जरासा वर सरकला, तर ह्यांनी मला स्वयंपाकघरातून हाताला धरून तो बघायला नेलं. मला हसू आलं. माणूस सुखात असला की मी फार बोलत नाही.

त्याच आठवड्यात बब्रुवानदादांचा फोन आला.

दादा म्हणजे ह्यांचे थोरले चुलत भाऊ. जिल्ह्यातल्याच वाशीच्या पुढं फाट्यावरून आत आमचं गाव आहे, तिथं त्यांची खव्याची भट्टी आहे. हे अकरावीला धाराशिवला खोली घेऊन राहायचे तेव्हा खव्याच्या टेम्पोतून ह्यांचा डबा न चुकता पाठवणारे तेच. ह्यांना ते इंद्र्या म्हणतात. मागं एकदा खवा द्यायला आले आणि कॉलेजच्या फाटकातूनच ओरडले, "ए इंद्र्या!" पोरं खदाखदा हसली. त्या दिवशी हे घरी येऊन फुगून बसले होते. "निदान चारचौघांत तरी सर म्हणावं माणसानं," म्हणाले.

"इंद्र्या, आमच्या प्रतीक्षाचं लगीन ठरलं बग, पंधरा दिसांवर हाय," दादा फोनवर सांगत होते. "पावणे परंड्याचे हायती. पोरीनं काय बी मागितलं न्हाय. येकच म्हणती, सासरला जाताना काकाच्या गाडीत बसून जायचं. ती आवाज न करता निघती, ते लई आवडलंय तिला."

फोन स्पीकरवर होता. मी ह्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि ह्यांच्या डोळ्यांपुढं काय आलं ते मला लगेच कळलं. फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता. खडी आणून पसरलेली, डांबराचा पत्ता नाही, दोन्ही कडांना बाभळी.

"दादा, गाडी आणली असती," हे म्हणाले, "पण टायर गेलेत. पार गुळगुळीत झालेत."

"मग नवे टाक की."

इथं हे अडकले. वर्गात बोलता बोलता फळा पुरत नाही ह्यांना, पण खोटं बोलायचा सराव नाही. मी हळूच म्हणाले, "पुण्याहून मागवलेत म्हणा."

हो, मीच म्हणाले. मलाही त्या पातळ टायरांची माया आली होती म्हणा, नाहीतर रविवारी त्या गाडीतून निवांत फिरायची सवय झाली होती म्हणा.

"पुण्याहून यायचेत दादा. ह्या गाडीला वेगळे लागतात. महिना तरी जाईल."

"बरं," दादा म्हणाले. "बघू."

लग्नाच्या दिवशी आम्ही एसटीनं निघालो. पैठणी सावरत मी खिडकीशी बसले होते आणि आमची गाडी पोर्चमध्ये कव्हर घालून उभी होती.

फाट्यावर आम्हाला न्यायला बलभीमआण्णा पिकअप घेऊन आले होते. आण्णा दादांच्या भट्टीवर गाडी चालवतात, भावकीतलेच आहेत, वयानं दादांपेक्षाही मोठे. गळ्यात माळ. गावात बांधाची भांडणं आण्णांच्या एका शब्दावर मिटतात, कारण आण्णा खोटं बोलत नाहीत. आणि कधी चुकून तोंडातून गेलंच, तर त्या दिवशी अन्नाला शिवायचं नाही, हा त्यांनी स्वतःला घालून घेतलेला नेम. त्यावरून पोरं त्यांची चेष्टाही करतात.

"टायरनं घोटाळा केला म्हणं," आण्णा म्हणाले.

"हो ना," हे म्हणाले आणि बाहेर बघायला लागले.

दुपारी लग्न लागलं. जेवणाच्या पंगती बसायच्या आधी माईकवर आहेर पुकारायला सुरुवात झाली. टॉवेल, टोपी, नारळ, साड्या. मग स्वतः दादांनीच माईक हातात घेतला.

"आमचा इंद्र्या कुटं हाय? ये रं पुढं."

हे गेले. दादांनी ह्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. मग मांडवाच्या कडेकडं बघून हात केला. भट्टीवरचे दोन गडी टायर ढकलत घेऊन आले. चार टायर. जाडजूड, खोल नक्षीचे, प्रत्येकावर कुंकवाचं बोट आणि झेंडूचा हार.

"ह्याचं मन बगा," दादा माईकवर सांगत होते. "गाडीचे टायर गेले, तर सरळ म्हणला न्हाय आणत. पोरीच्या जिवाला धोका नगं म्हणून. दुसरा असता तर तशीच दामटली असती." मांडवात टाळ्या पडल्या. "मग म्या म्हणलं, आहेर टॉवेल-टोपीचाच कशाला पायजे? प्रतीक्षानं पंचमीला गाडीला टेकून फोटू काढला हुता, त्यात टायरवरचा नंबर दिसत हुता. तो मोठा करून दुकानदाराला दावला. म्हणलं, ह्या मापाचा तुज्याकडं सगळ्यात दणकट कुटला हाय तो दे. खडी म्हणू नये का काटा म्हणू नये."

बोहल्यावरून प्रतीक्षा आमच्याकडं बघून हसली. मुंडावळ्या बाजूला करून हसली, म्हणजे आम्हाला दिसावं म्हणून. माझी मान खाली गेली. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि वर लोक कौतुकानं बघत होते. शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं.

"आण्णा, टायर पिकअपमदी टाका," दादा म्हणाले. "ह्यांना घिऊन धाराशिवला जावा, टायर बशिवा आणि गाडी घिऊन या. म्या दुसरी गाडी सांगितलीच न्हाय. दिवस मावळायच्या आत पाठवणी करायची हाय."

आता माघार कुठली? जेवायलाही न थांबता आम्ही तिघं पिकअपमध्ये बसलो. मागं चार टायर हारांसकट हादरत होते. आण्णा रस्ताभर प्रतीक्षाच्या लहानपणीच्या गोष्टी सांगत होते आणि आम्ही दोघं नको तिथं हसत होतो. मी मनात म्हणत होते, ह्यांनी आत्ताच सांगून टाकावं. हे बहुतेक तेच माझ्याबद्दल म्हणत असतील.

घरी पोचल्यावर ह्यांनी कव्हर काढलं. दुसरं करणार काय? आण्णा गाडीभोवती एक चक्कर मारून मागच्या चाकाशी थांबले. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, ते अजून झडले नव्हते. आण्णांनी त्यावरून बोट फिरवलं.

"हे तर नवेच हायती," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. खरंच त्यांना आधी उलगडा झाला नाही. मग झाला. त्यांनी बोट धोतराला पुसलं.

"आण्णा," हे म्हणाले, "दादांचेच बसवू. हे काढून."

"कशाला? चांगले हायती की."

"दादा बघतील ना."

आण्णा पिकअपकडं वळले. म्हणजे एक खोटं झाकायला आता चार टायर लागणार होते.

महालिंगप्पांनी आमची गाडी बघितली आणि हातातलं काम टाकून धावत आले. "काय झालं सर? एव्हरेज पडलं का? एवढे पारखून घेतलेत, एवढ्यात काय तक्रार?" आण्णा शेजारीच उभे होते. ह्यांनी मान हलवली आणि हार घातलेले टायर दाखवले. महालिंगप्पांनी एक टायर उचलून बघितला. "माप बसतंय सर, पण असले तुमच्या गाडीला? पेट्रोल पितील हो. काढू नका ते, ऐका माझं."

"बसवा," हे म्हणाले.

जुने, म्हणजे नवे टायर, दुकानाच्या कोपऱ्यात रचले गेले. ज्यांच्यासाठी हिवाळा गेला त्यांच्याकडं ह्यांनी वळूनही बघितलं नाही. आण्णांनी झेंडूचे हार सोडवून नीट घडी करून आमच्या गाडीत मागं ठेवले.

परत येताना पिकअप पुढं आणि आम्ही मागं. टायर गुरगुरत होते, स्क्रीनवरचा आकडा खाली येत होता. खडीचा रस्ता मात्र गाडीनं असा कापला की कळलंही नाही. "बघा, काही झालं नाही," मी म्हणाले. मला तसं म्हणायला नको होतं. ह्यांचे डोळे भरलेले होते.

मांडवाबाहेर गाडी उभी केली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पोरांनी लगेच फुलांच्या माळा बांधायला घेतल्या. दादा आले ते सरळ चाकाशी उकिडवे बसले आणि म्हशीच्या पाठीवर मारावी तशी टायरवर थाप मारली.

"बसले की झ्याक! आण्णा, आदीचे कितपत झिजले हुते वो?"

आण्णा पिकअपचं दार लावत होते. त्यांचा हात दारावरच राहिला. त्यांनी ह्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. ह्यांनी बोलायला हवं होतं. मी बोलायला हवं होतं. आम्ही दोघं शिकलेले, रोज पोरांपुढं उभे राहून बोलणारे, आणि दोघांचीही दातखीळ बसली.

"लई," आण्णा म्हणाले. "पार गुळगुळीत झाल्ते."

"बगा!" दादांनी आजूबाजूच्यांना सांगितलं. "चला, तुमी तिगं उपाशी हायसा. आदी चार घास खावा, मग पाठवणी."

मांडवाच्या कोपऱ्यात तीन पत्रावळ्या मांडल्या. दादा स्वतः वाढायला आले. बुंदी, भात, आमटी. मी बसले, हे बसले. आण्णा उभेच.

"आण्णा, बसा की."

"मला नगं. उपास हाय."

"उपास?" दादा हसले. "आज कुटला उपास काडला? एकादशी तर परवाच झाली."

माळेवरून आण्णांनी एकदा बोट फिरवलं, तेच टायरवरून फिरवलेलं बोट, आणि पाणी प्यायला रांजणाकडं गेले. दादा हातात बुंदीची परात घेऊन त्यांच्या पाठीकडं बघत राहिले. त्यांना तो नेम ठाऊक होता. गावात कुणाला ठाऊक नव्हता? त्यांच्या कपाळावर हळूहळू आठी पडत गेली.

ह्यांच्या हातातला घास पत्रावळीत पडला.

"दादा," हे उठून उभे राहिले. "आण्णा माझ्यापायी खोटं बोलले. टायर गेले नव्हते. नवेच होते. आपल्या रस्त्यावर खराब होतील म्हणून गाडी आणली नाही मी."

"पुण्याचं मी सांगितलं होतं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू आला.

आसपासची चार माणसं बघत होती. कुणीतरी कुणाला तरी गप्प केलं. आता दादा ओरडतील, परात आदळतील, असं मला वाटलं आणि खरं सांगते, तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. पण दादांनी परात खाली ठेवली. रांजणाशी गेले, आण्णांच्या दंडाला धरून त्यांना घेऊन आले आणि तिसऱ्या पत्रावळीवर बसवलं.

"सोडा उपास, आण्णा," ते म्हणाले. "ज्याचं त्यानं सांगितलं. तुमच्याकडं काय राह्यलं न्हाय आता."

आण्णांनी त्यांच्याकडं बघितलं आणि भातात हात घातला. दादांनी त्यांना वाढलं, मला वाढलं. बाहेर फुलं लावलेली गाडी उभी होती, बायका प्रतीक्षाला घेऊन निघाल्या होत्या, तिच्या रडण्याचा आवाज जवळ येत होता. दादांनी परात उचलली. ह्यांच्यापुढं वाकून बुंदी वाढली, भरपूर वाढली, पण ह्यांच्या तोंडाकडं बघितलं नाही.

"घ्या सर," ते म्हणाले. "लौकर जेवून घ्या. पोरगी खोळंबलीय."