उष्ट्या हळदीतलं लिंबू

आमच्या देवळाली प्रवरात माझ्याइतकी तोंडाळ बाई न्हाई. हे मीच सांगते, दुसऱ्याला कशाला तरास. पन कल्यानच्या लग्नानंतर आठ दिवस माझी जीभ टाळ्याला चिकटली हुती, आन् त्याची लाज आजबी घास गिळताना मधी येती.

मी चांगुना. बचत गटात आमी लिंबाचं लोनचं घालतो. रसाची लिंबं पिळली की साली उरत्यात. त्या साली दाबून, गाळून मी तेल काढायला लागले. खोबरेलात मिसळून बाटल्या भरायच्या, तोंडाला लावायचं तेल म्हनून. वास असा की बाई वळून बघनारच. "केमिकल न्हाई, पावडर न्हाई, झाडाचं हाय!" असं मी प्रदर्शनात घसा फाटस्तोवर वरडायची.

संगमनेरला ट्रेनिंग झालं तवा तिथल्या मॅडमनी बजावलं हुतं. "लिंबाच्या सालीचं तेल लावून उन्हात जाऊ नका. कातडी भाजते, डाग पडतात. वास चांगला आला, झाडाचं असलं, म्हणून ते निर्धोक होत नाही." मी शेजारच्या रतनबाईला कोपर मारलं. म्हनलं, "हिनं जन्मात एक लिंबू पिळलंय का? उंटावरून शेळ्या हाकायच्या नुसत्या!" वहीत मात्र लिहून घेतलं. तेच नडलं. 'मला म्हाईतच नव्हतं' असं म्हनायची सोयबी मी ठेवली न्हाई.

कल्यान माझा भाचा, रामहरीदादाचा एकुलता पोरगा. त्याचं लग्न ठरलं तिसगावच्या भागवतरावांच्या पंकजाशी. आमच्यात नवऱ्याला हळद लावून उरलेली वाटीभर उष्टी हळद नवरीकडं न्यायची आन् तिला पहिली तीच लावायची. मगच तिच्या घरची हळद. आदल्या सांजंला कल्यानची हळद झाली. सकाळी वाटी घेऊन जीपमधी बसले, आत्या म्हनून मान माझा. वाटंत मला काय हुक्की आली कुनास ठाऊक. वाटलं, तिकडच्या बायकांना कळू दे चांगुनाचा हात काय हाय. पिशवीतली बाटली काढली आन् निव्वळ सालीचं तेल, खोबरेलाचा थेंब नसलेलं, बदाबदा वाटीत ओतलं.

तिसगावात पंकजाला गच्चीवर बसवलेली. मे महिना, दहाचं ऊन. फोटोवाल्याला ऊनच पायजे हुतं. डाव्या हातात वाटी धरून मी उजव्या हाताची पाची बोटं हळदीत बुडवली आन् तिच्या डाव्या गालावर ठेवली.

"आत्या, किती छान वास येतोय," ती म्हनाली.

मी अशी फुगले म्हनता! हात धुतले आन् खाली सावलीला जाऊन जेवले. ती बारा वाजेस्तोवर उन्हात हसत हुती.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं, नवरी घरी आली. त्याच्या दुसऱ्या दिवशी सत्यनारायनाला बसली तर डावा गाल लालभडक, बारीक फोड आलेले. आग आग हुती म्हनाली. सगळ्यांनी पार्लरवालीला शिव्या घातल्या. मीबी दोन घातल्या. वहीतलं पान मला तवाच आठवलं हुतं.

"डॉक्टरला दाखवू," कल्यान म्हनला.

"डॉक्टर कशाला? कोरफड लावते मी," असं म्हननारी मीच. डॉक्टर इचारनार, काय लावलं हुतं? म्हनून. रोज सकाळी दादाच्या घरी जाऊन तिच्या गालाला कोरफड लावायची. पोर डोळे मिटून गप बसायची.

फोड वाळले आन् खालून डाग वर आला. काळपट, लांब लांब. पाच बोटं. हुबेहूब चपराक मारल्यावानी.

गल्लीत कुजबुज सुरू झाली. वहिनीनं कल्यानला चुलीपाशी घेतलं, "हात उचललास का रे पोरीवर?" कल्यान रडकुंडीला आला. "आई, तुझी शपथ." त्या दिवशी तो जेवला न्हाई. मी ते उंबऱ्यातून ऐकलं आन् तशीच माघारी फिरले. करून गेला गाव आन् नाव भलत्याचं, तसं. मला माझ्या तेलाची पडली हुती, माझ्या नावाची पडली हुती. थू माझ्या जिंदगानीवर.

आठव्या दिवशी भागवतराव लेकीला मांडवपरतनीला माहेरी न्यायला आले. पंकजा पान्याचा तांब्या घेऊन पुढं आली. बापानं लेकीचा गाल बघितला आन् तांब्याला हातच लावला न्हाई.

"कुनी मारलं?"

"कुणी नाही, बाबा. खरंच नाही."

"नवऱ्याला झाकू नको! पाच बोटं हायत, मला दिसत न्हाई व्हय?" ते कल्यानवर धावले. रामहरीदादा मधी पडला, हात जोडले. भागवतराव म्हनले, "बॅग भर पोरी. परत या उंबऱ्याला पाय लावायचा न्हाई. अन् याला मी पोलिसात देतो."

कल्याननं मान वर केली न्हाई. पंकजा बापाच्या हाताला लोंबकळून रडत हुती आन् कुनी तिचं ऐकत नव्हतं. लग्नाला आठ दिवस झाल्ते फक्त.

मी पुढं झाले, पंकजाला माझ्याकडं वळवलं आन् उजवा हात तिच्या डाव्या गालावर ठेवला. बोटावर बोट बसलं. माझ्या लग्नाआधीच माझं मधलं बोट कडबाकुट्टीच्या पात्यात गेलं हुतं, एक पेर कमी हाय. डागातबी मधलं बोट तेवढंच आखूड.

"भागवतराव, हे बघा. हा हात माझा हाय. हळदीत मी लिंबाच्या सालीचं तेल ओतलं आन् पोर उन्हात बसली. उन्हात जाऊ न्हाई असं मला शिकवलं हुतं. पहिल्या दिवसापासनं मला म्हाईत हुतं. पोरानं काय केलं न्हाई."

कल्यान माझ्याकडं बघत हुता. त्याला मी कडेवर खेळवलाय. असं त्यानं मला कधी बघितलं नव्हतं. भागवतराव खाली बसले, म्हनले, "आधी डॉक्टरकडं चला."

मी हात काढायला लागले, तर पंकजानं तो धरला. आखूड बोटावरनं अंगठा फिरवला.

"चार दिवस आरशात बघतेय, आत्या," ती हळू म्हनाली. "हे बोट मी तेव्हाच ओळखलं होतं. तुम्ही रोज कोरफड लावायला यायचात, मी डोळे मिटून बसायचे. वाटायचं, आज सांगतील."