मागचं काळं केलं

हनीफशेट हिरड्याचे व्यापारी. घोडेगावच्या वरच्या डोंगरात त्यांचं एक कौलारू घर होतं. १९५६ च्या चैत्रात, ते वारल्यावर त्यांचा चाळिसावा उरकून, लेक जहाँआरा सामान आवरायला पुण्याहून तिथं आली. दुसऱ्याच दिवशी भर दुपारी माथ्यावर वणवा दिसला.

ती हंडे भरू लागली. तेवढ्यात शेजारची साळुबाई जांभळीचे हिरवे डहाळे घेऊन धावत आली.

"पाण्यानं काय व्हतंय, बया? औंदा मागचं काळं केलंच न्हाई कुणी!"

जहाँआरा थबकली. दर फाल्गुनात अब्बांचं कार्ड यायचं : 'मागचं काळं केलं. आता निर्धास्त आहे.' अम्मी गेल्यापासून अब्बा जुने दिवस मनातून पुसून टाकताहेत, असंच तिनं धरलं होतं. उत्तरात ती चार-चार पानं त्यांची समजूत घालायची.

"मागचं म्हणजे?"

"घरामागचं गवात! आपणच आदी जाळायचं. वणवा आला की त्याला खायाला काय ऱ्हात न्हाई."

"मग तुम्ही का नाही जाळलंत?"

"तुमच्या घराची काडी तुमीच लावायची. दुसऱ्यानं लावली, तर घर जाळाया आला म्हणत्यात."

"आणि आग घराकडेच वळली तर?"

"आग चढाला पळती, उताराला रांगती. रांगत आली की झोडायची. आता काडी लाव, मग इचार!"

पहिली काडी विझली. दुसरीही विझली. तिसरीनं गवत धरलं. आग खरोखरच वर पळाली. खालच्या कडेनं रांगणारी जीभ दोघी डहाळ्यांनी झोडत राहिल्या. वरून वणवा उतरला, खालून ही चढली. दोन्ही आगी भिडल्या, कडाडल्या, आणि बघता बघता तिथं नुसता धूर उरला. घराच्या पडवीला झळसुद्धा लागली नव्हती.

जहाँआरा धापा टाकत खाली बसली.

"साळुबाई, माझी पत्रं आली की अब्बा काय म्हणायचे?"

"मला वाचून दावायचं. हसून हसून डोळं पुसायचं." साळुबाईनं पदरानं तोंडावरची राख पुसली. "मी म्हनायची, शेट, पोरीला खरं काय ते लिवा की. तर म्हनायचं, नको. गवताचं कळलं तर एवढं लांब कशाला लिहील ती?"