माझ्या मुठीतला झाडू

मी एक जुना लाकडी संत आहे, मित्रांनो, आणि आज माझा आनंद पोटात मावत नाहीये!

परक्या राज्यकर्त्यांनी बांधलेल्या या चर्चसाठी इथल्याच एका सुताराने मला एका ओंडक्यातून घडवलं. मी ज्यांची मूर्ती आहे ते संत मठात झाडलोट करायचे, म्हणून त्याने माझ्या हातात लांब दांड्याचा झाडू दिला. झाडूची एकेक काडी त्याने माझ्या पायाशी कोरली.

पुढे राज्यकर्ते गेले, दांडाही मोडला. दर पिढीने मला नवा रंग फासला. त्या थरांखाली काड्या बुजल्या आणि पायाशी नुसता दगड दिसू लागला. कुणी माझ्या रिकाम्या मुठीत काठी खोचली, कुणी कागदी फुलं. मला सगळं ठाऊक होतं, पण लाकडाच्या तोंडाने बोलणार काय, कप्पाळ!

चर्च झाडणारी मावशी तेवढी काम आटोपलं की माझ्या मुठीत आपला झाडू अडकवायची. मी मनातल्या मनात उड्या मारायचो. गेल्या महिन्यात फादरांनी ते पाहिलं.

"अहो मावशी, संतांचा हात म्हणजे काय खुंटी आहे?"

"त्यांची मूठच तशी आहे हो, फादर," ती पुटपुटली.

मावशीला वेदीजवळ झाडायची बंदी झाली. माझे तर पोपडेच निघाले होते, म्हणून माझ्या जागी प्लास्टरचा नवा संत मागवला गेला.

आज सकाळी त्याचं खोकं दारात येऊन थांबलं. मला माळ्यावर टाकण्याआधी वाळवी लागली आहे का, ते बघायला मूर्ती दुरुस्त करणाऱ्या बाई आल्या. त्या माझ्या पायाशी रंग खरवडू लागल्या. एक थर निघाला, दुसरा निघाला. माझा जीव टांगणीला! जरा डावीकडे, बाई, डावीकडे!

"अहो फादर, हा दगड नाही!" बाई ओरडल्या. "या काड्या आहेत. झाडू आहे हा, झाडू!"

फादर गुडघ्यांवर बसले. त्यांनी एकेक काडी बोटाने चाचपून पाहिली. मग ते उठून दाराशी गेले.

"मावशी, तुमचा झाडू आणा बरं."

"आता काय चुकलं माझं?"

"तुमचं नाही. माझं चुकलं."

त्यांनी स्वतः तो झाडू माझ्या मुठीत बसवला. अगदी चपखल! मावशी डोळे पुसता पुसता हसत सुटली. खोकं आल्या वाटेने परत गेलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूला रंग फासण्याआधी तिला नीट न्याहाळा, आणि रोज तिच्याजवळ राबणाऱ्या माणसाला आधी विचारा. माझी मात्र आता पंचाईत झाली आहे. झाडू माझ्याकडे, आणि मावशी कधीची समोर उभी राहून म्हणते आहे, "संतबाबा, देता का जरा? वेदी झाडायची राहिलीय."