डोकं धर

"ट्रकचा मागचा फाळका कोणी पाडला?" कत्तलखान्याच्या फाटकातून बाहेर येत बाबांनी विचारलं.

फाटकाबाहेर जनावरं सोडवायला जमलेल्या पोरापोरींच्या घोषणा थांबल्या. ट्रकमागे रेडा पडला होता. ती पोरं त्याला मोकळं करायला गेली, पण उतरायची फळी लावलीच नव्हती. त्यानं वरूनच उडी घेतली आणि पुढच्या पायाचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. तो उठू पाहायचा आणि त्याच हाडावर कोसळायचा.

"मी," लेक म्हणाली.

लहानपणी ती इथे बाबांचा डबा आणायची. आधी फळी लावायची, मग फाळक्याची कडी काढायची, हे त्या घोळक्यात फक्त तिलाच ठाऊक होतं.

वर्षभर घरात हाच वाद होता. तिनं मांस सोडलं, मग अंडी, मग दूध. "सगळ्या जगानं सोडलं तर जंगलं वाचतील, पाणी वाचेल," ती म्हणायची.

"आणि आम्ही काय हवा खायची?"

तिचं रक्त कमी झालं, डॉक्टर सुया टोचू लागला, तेव्हा बाबांनी टोमणा मारला होता, "दूध पिणं चोरी असेल, तर लहानपणी तू मोठी दरोडेखोर होतीस गं!" तिला हसू आलं नाही. दूध देत नाहीत म्हणून गोठ्यांना नकोसे झालेले रेडेच या ट्रकमधून येतात, हे तिला त्यांनीच सांगितलं होतं.

"खुनी!" मागून कोणीतरी ओरडलं. "हात लावू नका! जनावरांचा डॉक्टर येतोय."

"कधी?"

"तासाभरात."

रेड्यानं हंबरडा फोडला. बाबांनी लेकीकडे पाहिलं. "तासभर बघवेल तुला? तू म्हणशील तसं."

तिनं त्या हाडाकडे पाहिलं. "नाही."

"मग डोकं धर. शिंगं जमिनीला दाबून. हललं तर सुरी चुकेल."

ती गुडघ्यांवर बसली. घोळक्यातल्या मैत्रिणीनं तिचा दंड ओढला. "अगं, वेड लागलंय का? सोड!"

तिनं हात झटकला. रेड्याचा गरम श्वास मनगटावर आला. बाबांच्या कमरेची सुरी एकदाच फिरली. रक्ताची चिळकांडी तिच्या हनुवटीवर, गळ्यावर उडाली. शिंगं मुठींत तडफडली, तिला खांद्यापासून हिसडत राहिली, मग जड झाली.

मैत्रीण वळून न बघता निघून गेली. तिच्यामागे बाकीचेही पांगले.

बाबा नळी घेऊन आले आणि तिच्या हातांवर पाणी सोडत खाली बसले.

"आईला सांगू नकोस."

"काय?"

"माझं काम मी तुझ्याकडून करून घेतलं ते."

आतून मालकानं हाक मारली, पुन्हा मारली. बाबांनी मान वर केली नाही. तिच्या मुठी अजून आवळलेल्याच होत्या. ते तिचं एकेक बोट सोडवत होते.