दीड इंच

“दीड,” मास्तर म्हणाले.

बायकोने वहीत दीड लिहिलं आणि पेन्सिल हातात तशीच धरून बसली. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. जखम दिसली की तिला घेरी यायची, म्हणून पट्टी बदलायचं काम मास्तर स्वतःच करत आणि सांगतील तो आकडा ती लिहून घेई. त्यांच्या शिवणाच्या दुकानातही अठ्ठावीस वर्षं असंच चाललं होतं. टेप त्यांच्या हातात, वही तिच्या.

“नीट बघितलंत ना?”

“आता मला टेप धरायला शिकव तू.”

तिने मागचं पान काढलं. महिन्यापूर्वी, जखमेभोवती इंजेक्शनं दिली त्या दिवशी, डॉक्टरांनी मोजलेला आकडाही दीड इंचच होता. म्हणजे सूतभरही फरक नाही. तिने वही मिटली.

मास्तरांच्या घोट्याजवळची ही जखम चौदा महिने भरत नव्हती. साखरेने पाय पोखरला होता. डॉक्टर तरुण होत्या, पण स्पष्ट बोलल्या होत्या. पोटावरची थोडी चरबी काढायची, तिच्यातल्या मूलपेशी वेगळ्या करायच्या आणि त्या जखमेच्या कडांना टोचायच्या. नवी कातडी धरली तर उत्तम. महिन्याभरात काहीच हललं नाही, तर पाय ठेवायचा की नाही याचा विचार करावा लागेल. चरबी काढायच्या दिवशी मास्तर मात्र भलतेच खुशीत होते. “तुझ्याच हातचं आहे हे,” पोटावर थाप मारून ते बायकोला म्हणाले होते, “फुकट गेलं नाही बघ.”

तपासणी परवावर आली होती. तोवर बायकोचा जीव थाऱ्यावर नव्हता. एका शर्टाची बटणं तिने काजपट्टीवरच लावली आणि मग बसून एकेक उसवली. पायाने चालवायच्या मशीनकडे तिला बघवेना. मास्तर गिऱ्हाइकांशी नेहमीसारखे थट्टामस्करी करत होते, याचाही तिला राग आला.

दवाखान्यात सिस्टरने जखमेवर पारदर्शक कागद ठेवून कड रेखली आणि त्यावर मोजपट्टी लावली.

“एक इंच. तोही पुरता नाही.”

“पुन्हा मोजा,” मास्तर म्हणाले.

“काका, मोजलं की.”

“पुन्हा मोजा.”

तिने पुन्हा मोजलं. तितकंच भरलं. डॉक्टरांनी कडेची गुलाबी कातडी निरखून पाहिली आणि हातमोजे काढले. “पूर्ण भरायला अजून दोनेक महिने जातील. पण पायाची काळजी आता सोडा.”

बायको मटकन स्टुलावर बसली आणि रडायलाच लागली. डोळे पुसता पुसता तिने पिशवीतून वही काढली. “पण परवा तर दीड भरली होती! हे बघा, यांनी स्वतः मोजली.” बोलता बोलता तिने कपाळावर हात मारला. “अहो, तुम्ही माया धरलीत!”

“काय धरली?” डॉक्टरांनी विचारलं.

“शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात ना, पुढेमागे उसवून सैल करता यावं म्हणून? त्याला माया म्हणतात. जन्मभर अर्धा इंच धरत आले, तो जखमेलाही धरला!”

सिस्टर खो खो हसली. डॉक्टरांनाही हसू आवरेना. मास्तर खाली बघत चप्पल शोधत होते. “हाताची सवय हो,” ते म्हणाले.

बाहेरच्या पायऱ्यांपर्यंत बायकोचं तोंड थांबलं नाही. किती हलकं वाटत होतं तिला! “अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा तुमचं माप चुकलं. आता सगळ्या गिऱ्हाइकांना सांगते की नाही बघा.”

मास्तर कठड्याला धरून थांबले.

“चुकलं नव्हतं.”

“म्हणजे?”

“एकच भरली होती. तीनदा मोजली.” ते रस्त्याकडे बघत होते. “मागे त्या मलमाच्या वेळी मी कमी झाली म्हणालो, तर तू घरोघर सांगत सुटलीस. आणि आठवड्यात ती होती तेवढी झाली. तेव्हाचं तुझं तोंड मला बघवलं नव्हतं. म्हटलं, आता इथे मोजू देत, मग कळेल तिला.”

तिला रागवावं की हसावं कळेना. तिने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

“यापुढे असेल तेच माप सांगायचं,” ती म्हणाली. “माझ्यासाठी माया धरायची नाही.”

“ते नाही जमायचं,” मास्तर म्हणाले.