साक्षीदाराची सही

ट्रेसाचे पत्र फेब्रुवारीत आले होते, आणि एमेट स्टिडमने त्याला उत्तर दिले नव्हते. वहीचा एक कागद, दोन्ही बाजूंनी पेन्सिलीने लिहिलेला. तो त्याने तीनदा वाचला, घडी घातली आणि स्वयंपाकघरातल्या खणात मेणबत्त्यांच्या खाली सरकवून दिला. नंतर सहा आठवडे त्याने तो खण उघडला नाही. वादळात दिवे गेले त्या संध्याकाळीसुद्धा मेणबत्ती न काढता तो अंधारात बसून राहिला.

पत्रात मागणी एकच होती. ट्रेसाला राज्याच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. गरीब मुलांसाठीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जावर बापाची मिळकत आणि बापाची सही लागत होती, आणि बाप सही करणार नव्हता. विद्यापीठाने कळवले होते, की मुलगी मारहाणीच्या भीतीने घराबाहेर राहत असेल तर बापाच्या सहीवाचून चालेल. पण हे नात्यात नसलेल्या, प्रत्यक्ष पाहिलेल्या एका मोठ्या माणसाने सहीनिशी लिहून दिले पाहिजे.

‘त्या दिवशी तुम्ही गाडीत होतात, सर,’ असे तिने शेवटी लिहिले होते. ‘तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणी पाहिलेलं नाही.’

एमेटने पाहिले होते. जानेवारीत तो नेहमीप्रमाणे डेन्व्हर नेपियरकडे सरपण आणायला गेला होता. डेन्व्हर म्हणजे ट्रेसाचा बाप, आणि एमेटचा जुना विद्यार्थी. म्हाताऱ्या मास्तरला दर हिवाळ्यात लाकडे फोडून देई आणि पैशाचे नाव काढू देत नसे. लाकडे गाडीत भरून झाली, एमेटने किल्ली फिरवली, आणि घराचे दार उघडले. डेन्व्हरने ट्रेसाला दंडाला धरून बाहेर ढकलले. तिचे डोके पायरीच्या कठड्यावर आपटले. पाय अनवाणी होते, खाली बर्फ होते. “अर्ज भरायचाय ना तुला? बस बाहेर, भर!” असे म्हणून त्याने कडी लावली. ट्रेसा उठून बसली आणि तिने सरळ गाडीकडे पाहिले. तिची धाकटी बहीण आयव्ही खिडकीच्या काचेला नाक लावून उभी होती.

एमेटने गाडी मागे घेतली आणि तो निघून गेला.

केटल फोर्कच्या खोऱ्यात कागदाला माणसे भितात, आणि ती भीती खोटी नाही. आज्यांच्या काळात कोळशाच्या कंपन्यांची माणसे गोड बोलत आली, अडाणी लोकांकडून कागदांवर सहीच्या जागी फुल्या मारून घेतल्या, आणि मागाहून कळले, की पायाखालचा डोंगर विकला गेला. तेव्हापासून कागद पुढे आला की हात मागे घ्यायचा, हे इथले मूल बोलायला लागण्याआधी शिकते. पण या खऱ्या दुःखाच्या आडोशाला दुसरे काही वाढत होते. आई गेली की थोरल्या मुलीने शाळा सोडून चूल धरायची. तिने नाही म्हटले, तर बाप तिचे काय करतो हा त्याच्या घरचा प्रश्न. आणि ज्याच्या डोळ्यांना ते दिसले, त्याने ते दिसले नाही असे समजायचे. “आम्ही कागदावर सह्या करत नाही,” एवढे म्हटले की हे सगळे झाकले जाई. आणि ऐकणारे माना डोलावत, जणू काही कुळाचा मानच राखला गेला.

मंगळवारी एमेट गावच्या वाचनालयात परत आलेली पुस्तके लावत होता. निवृत्त झाल्यापासून तो तेथे आठवड्यातून तीन दिवस बसे. विल्मा, म्हणजे वाचनालयाची प्रमुख, टेबलाशी बसून मक्याचा पाव खात होती.

“एमेट, अरे स्वयंपाकाचं पुस्तक तू इतिहासात ठेवलंयस,” ती म्हणाली. “अर्थात माझ्या सासूचा स्वयंपाक इतिहासातच जमा आहे म्हणा! लक्ष कुठंय तुझं?”

तो काही बोलणार एवढ्यात दार उघडले. डेन्व्हर नेपियर आत आला. त्याने टोपी काढली, बुटांचा चिखल दारातच झटकला. त्याचे हे सभ्य वागणेच एमेटला नेहमी घाबरवीत असे.

“कसं काय, मास्तर? लाकडं पुरली ना?”

“पुरली, डेन्व्हर. पुष्कळ पुरली.”

“लागली तर सांगा. एकटे राहता तुम्ही. एवढ्या आत, रस्त्याच्या टोकाला. काही झालं तर कुणाला हाकसुद्धा ऐकू जायची नाही.” त्याने टोपी हातात फिरवली. “आमची पोरगी गावातल्या एका म्हातारीच्या अंगणात, चाकांवरच्या गाडीघरात राहतेय. लोकांना पत्रंबित्रं लिहितेय, असं कानावर आलं. तुम्हाला नाही ना आलं एखादं?”

विल्माने पाव खाली ठेवला.

“पत्र?” एमेट म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच ओळखीचा वाटला नाही. “नाही बुवा. कसलं पत्र?”

“मला वाटलंच. तुम्ही आपल्यातले. तिची आई गेली, घरात आयव्ही लहान आहे. थोरलीनं घर नाही सांभाळायचं तर कुणी? येत्या रविवारी येईल ती परत. शुक्रवारी मुदत संपतेय ना त्यांच्या अर्जाची!” तो हसला. “पोरांचं खूळ मुदतीबरोबर संपतं.”

तो गेला. बाहेर त्याच्या ट्रकचे इंजिन बराच वेळ नुसते घरघरत राहिले. मग ते दूर गेले.

“खोटं बोललास तू,” विल्मा म्हणाली.

“तुला काय माहीत?”

“तुझे कान लाल झालेत. साठ वर्षं ओळखते मी तुला; शाळेत खडू चोरलास तेव्हाही असेच झाले होते.” मग ती थट्टा सोडून म्हणाली, “काय पाहिलंस तू, एमेट?”

 तो पुस्तकांच्या दोन कपाटांमध्ये जाऊन उभा राहिला.  आपले घर रस्त्याच्या टोकाला आहे, हेच त्याच्या मनात पुन्हा पुन्हा येत होते.

गुरुवारी ट्रेसा आली. भुवईवर जखमेचा व्रण होता. तिने भूगर्भशास्त्राचे एक जाड पुस्तक टेबलावर ठेवले.

“अजून आठ दिवस आहेत याला,” एमेट पुटपुटला.

“आत्ताच घ्या, सर. रविवारी घरी चाललेय. तिथं पुस्तक नेलं तर चुलीत जातं, मग दंड तुम्ही भराल.” ती हसली, पण डोळे दाराकडेच होते. रस्त्यावरून कुठलासा ट्रक गेला तेव्हा ती सबंध दचकली.

“तू... तुला जायलाच हवं का?”

“दुसरं काय करू? विद्यापीठ म्हणतं, साक्षीदार आणा. कधी ना कधी काही पाहिलेल्या चौघांना मी लिहिलं. तिघांनी निदान नाही म्हणून कळवलं.” तिने तक्रार केली नाही, नुसती माहिती दिली. “आणि खरं सांगू? आता आयव्हीची भीती वाटते. मी घरात नाही तर पाणी कोण भरतं, भांडी कोण घासतं? ती अकरा वर्षांची आहे. परवा शाळेबाहेर भेटली, तर हात बाहीत लपवून उभी. दाखव म्हटलं तर म्हणाली, ‘पडले’. मीपण असंच सांगायची.”

 चौथा आपण आहोत, हे तिने म्हटले नव्हते. म्हणायची गरजही नव्हती.

“ट्रेसा, मी भित्रा माणूस आहे,” तो कसाबसा म्हणाला.

“मीपण भितेच, सर,” ती म्हणाली. “म्हणून तर लिहिलं.”

ती गेल्यावर तो बराच वेळ त्या पुस्तकावर हात ठेवून बसला. आजवर त्याने स्वतःची समजूत घातली होती, की आपण कुणाचे वाईट केलेले नाही. मुलांना वाचायला शिकवले, कुणावर हात उगारला नाही, कुणाच्या भानगडीत पडलो नाही. त्या दुपारी प्रथमच त्याच्या लक्षात आले, की डेन्व्हरच्या दाराची कडी बाहेरून आपणच धरून ठेवली आहे. सरपणाच्या उबेत बसून, सबंध हिवाळाभर.

घरी जाऊन त्याने खण उघडला. निवेदन लिहायला चार वेळा कागद बदलावा लागला. पहिल्यात त्याने ‘असे वाटले’ लिहिले, दुसऱ्यात ‘बहुधा’. तिसऱ्यात डेन्व्हर कसा मायाळू आहे यावर सहा ओळी खर्च झाल्या. चौथ्यात त्याने पाहिले तेवढेच लिहिले: दंड, कठडा, अनवाणी पाय, कडी, आणि ‘मी गाडीत बसून होतो व मदत न करता निघून गेलो’. आयव्हीबद्दल ट्रेसाने सांगितलेले त्याने वेगळ्या कागदावर लिहिले, तो मुलांच्या संरक्षणाच्या सरकारी कचेरीसाठी. दोन्हींवर सही केली. सही वेडीवाकडी आली.

शुक्रवारी सकाळी पोस्ट उघडायच्या आधीच तो दारात उभा होता. खिडकीमागे ओपल होती, डेन्व्हरची चुलत बहीण. शेजारच्या गावच्या पोस्टात जावे, असे त्याच्या मनात वाटेत तीनदा येऊन गेले होते. पण घाटात दरड कोसळली होती, आणि आजचाच शिक्का हवा होता.

ओपलने पाकिटे हातात घेतली. पहिल्यावरचा विद्यापीठाचा पत्ता वाचला. दुसऱ्यावरचा वाचला. तिने मान वर केली नाही.

“एमेट, हे ट्रेसाचं आहे?”

“हो.”

“डेन्व्हरला आज दुपारपर्यंत कळेल. मी सांगेन म्हणून नाही. इथं भिंतींनाही त्याच्याशी नातं आहे.”

“ठाऊक आहे मला.”

तिने पाकिटे उलटी केली. मागची बाजू कोरी होती. स्वतःचा पत्ता लिहायचा राहिला होता, की मुद्दाम राहिला होता, हे त्यालाही सांगता आले नसते. विल्माच्या घरात जागा मिळेल का, दारांना आतून कड्या मजबूत आहेत का, असे भलभलते विचार त्याच्या डोक्यात धावू लागले.

“रजिस्टर करायचं तर पाठवणाऱ्याचं नाव-गाव लागतं,” ओपल म्हणाली आणि तिने खिडकीतून पेन बाहेर सरकवले.  “लिही. मी थांबते.”

त्याने लिहिले. एमेट स्टिडम, रस्त्याचे शेवटचे घर, केटल फोर्क. दोन्ही पाकिटांवर, सावकाश, मुलांना कित्ता घालून द्यावा तशा अक्षरांत. बाहेर एक ट्रक येऊन थांबल्याचा आवाज झाला. दोघांनीही दाराकडे पाहिले नाही. ओपलने शिक्का शाईवर दाबला आणि एकापाठोपाठ दोनदा पाकिटांवर मारला.